कुणाची जनता, कुठले मूठभर? सरकारी पैशावरच्या परदेशी वाहिन्यांची बातमी तपासताना

सरकारी पैशावर चालणाऱ्या परदेशी वाहिन्यांच्या बातम्यांत 'पॉप्युलिस्ट' मांडणी किती आहे ते मोजायचे, या कामात पहिली ठेच शब्दालाच लागते. 'पॉप्युलिस्ट' म्हटले की आपल्यापुढे वीजबिल माफी, फुकट साड्या, निवडणुकीच्या तोंडावरची रेवडी उभी राहते, कारण वर्तमानपत्रांनी त्यासाठी 'लोकानुनय' हा शब्द रुळवला आहे. अभ्यासक घेतात तो अर्थ निराळा आहे. डच अभ्यासक कास मुड्डे यांनी २००४ मध्ये दिलेली व्याख्या आज सगळ्यात जास्त वापरली जाते. तिच्यानुसार समाज दोन एकजिनसी गटांत फाटलेला दाखवायचा, एकीकडे निर्मळ जनता, दुसरीकडे भ्रष्ट मूठभर, आणि कारभार जनतेच्या इच्छेने चालावा असे म्हणायचे. यात कुणाला काही फुकट देण्याचा संबंध येत नाही. म्हणून पुढे सगळीकडे 'लोकवादी' हा शब्द ठेवला आहे. गटात काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी 'लोकानुनय' हा शब्द वहीतून खोडून टाका, नाहीतर महिनाभराने दोघांच्या नोंदी दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या निघतात.

नाशिककरांसाठी सरावाचे उदाहरण घरातच आहे. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात आणि त्यानंतर शरद जोशींनी मांडलेले 'इंडिया विरुद्ध भारत'. मांडणी दोन गटांची आहे, आणि घोषणा मात्र 'भीक नको, हवे घामाचे दाम'. म्हणजे लोकवादी साचा आहे आणि लोकानुनय अजिबात नाही. त्यातही जोशींचा भर पावित्र्यापेक्षा उत्पादनखर्चाच्या हिशेबावर होता. तेव्हा याला पूर्ण लोकवादी म्हणायचे की अर्धे, यावर पहिल्या बैठकीत अर्धा तास भांडा. तो अर्धा तास पुढे दहा तास वाचवतो.

आधी पैसा आणि लगाम

कुठली वाहिनी 'सरकारी पैशावरची' हे नावावरून ठरवू नका. यूट्यूबने २०१८ पासून अशा वाहिन्यांच्या व्हिडिओखाली पट्टी लावायला सुरुवात केली. तिचे दोन प्रकार आहेत. कतारच्या अल जझीरा किंवा चीनच्या सीजीटीएनखाली 'अमुक सरकारकडून पूर्णतः किंवा अंशतः निधी' असे दिसते, तर जर्मनीच्या डीडब्ल्यू किंवा ब्रिटनच्या बीबीसीखाली 'सार्वजनिक प्रसारण सेवा'. ही पट्टी सुरुवातीला उपयोगी आहे, पण ते यूट्यूबचे मत आहे. ट्विटरने २०२० मध्ये अशीच लेबले लावली आणि एप्रिल २०२३ मध्ये काढून टाकली, तेवढ्याने एकाही वाहिनीचा मालक बदलला नाही.

प्रत्येक वाहिनीसाठी चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहा. पैसा कुठल्या वाटेने येतो? संपादक कोण नेमते? संपादकीय स्वातंत्र्य सांगणारा कायदा आहे का? आणि स्वतःच्या सरकारला अडचणीत आणणारी बातमी त्यांनी दाखवली, तर नंतर काय झाले?

उत्तरे अशी निघतात. आरटी २००५ मध्ये सुरू झाली, तिची चालक संस्था टीव्ही नोवोस्ती रशियाच्या केंद्रीय अर्थसंकल्पातून चालते. सीजीटीएन हे नाव २०१६ च्या शेवटच्या दिवशी आले. ती ज्या चायना मीडिया ग्रुपचा भाग आहे तो थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाखाली आहे. अल जझीराची अरबी वाहिनी १९९६ ची, इंग्रजी २००६ ची, पैसा कतारचा. डीडब्ल्यू १९५३ पासून, पैसा जर्मन केंद्र सरकारच्या करांतून, पण स्वतंत्र कायदा आणि प्रसारण मंडळ मध्ये आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस १९३२ मध्ये सुरू झाली आणि २०१४ पर्यंत तिला परराष्ट्र खात्याचे अनुदान होते. मग ती परवाना शुल्कावर (ब्रिटनमधली टीव्ही पाहणारी घरे भरतात ते) आली आणि पुढे पुन्हा काही सरकारी अनुदान मिळू लागले. व्हॉइस ऑफ अमेरिका १९४२ ची, १९७६ पासून तिची सनद कायद्यात आहे, तरी मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानंतर बहुतेक कर्मचारी रजेवर गेले आणि प्रसारण थांबले. कायदा असूनही पैशाची तोटी कुणाच्या हाती असते, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नाही.

इथे दोन गफलती हमखास होतात. विऑन ही भारतातली इंग्रजी वाहिनी परदेशी घडामोडी दाखवते आणि राष्ट्राची बाजू मोठ्याने मांडते म्हणून तिला सरकारी धरले जाते. ती खासगी आहे, या नमुन्यात बसत नाही. दुसरी बीबीसी मराठीची. सेवा २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली खरी, पण एप्रिल २०२४ पासून भारतीय भाषांतला मजकूर कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी बनवते, कारण डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आहे. मराठी पान आणि लंडनची इंग्रजी वाहिनी एकाच खणात टाकू नका.

आणि हो, आपलीही बाजू तपासा. आकाशवाणीची परदेश सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला पश्तूतून सुरू झाली. डीडी इंडिया आजही परदेशी प्रेक्षकांसाठी आहे. चारही प्रश्न तिलाही लागू आहेत.

नमुना: व्हायरल क्लिप बाजूला ठेवा

व्हॉट्सॲपवर फिरत आलेली क्लिप हा नमुना नव्हे. ती फिरली याचाच अर्थ ती भडक होती, आणि भडक क्लिपा मोजून 'वाहिनी भडक आहे' असे म्हणणे म्हणजे फक्त सडके कांदे वेचून सगळ्या कांदाचाळीबद्दल बोलणे.

जोडलेला आठवडा घ्या. बारा आठवड्यांचा काळ ठरवा, त्यातल्या बारा सोमवारांच्या चिठ्ठ्या टाकून एक सोमवार उचला, मग बारा मंगळवारांतून एक, असे सात दिवस. सलग आठवडा घेतला तर त्यात एखादी निवडणूक किंवा हल्ला येतो आणि सगळी मोजणी त्या एका घटनेची होते.

तीन वाहिन्या निवडा, शक्यतो लगामाच्या तीन तऱ्हांच्या: समजा सीजीटीएन, अल जझीरा इंग्रजी, डीडब्ल्यू. प्रत्येक दिवशी प्रत्येकीच्या दोन बातम्या. एक, दुसऱ्या देशाच्या अंतर्गत राजकारणावरची त्या दिवशीची पहिली. दोन, पैसा देणाऱ्या देशाबद्दलची पहिली. म्हणजे ३ गुणिले ७ गुणिले २, ४२ बातम्या. शिवाय तुलनेला रॉयटर्स किंवा एपी या वृत्तसंस्थेच्या रोज दोन, म्हणजे १४. एकूण ५६. व्हिडिओ लांब असेल तर पहिली पाच मिनिटे.

वेळेचा अंदाज आधीच बांधा. पाच मिनिटांच्या बातमीचे शब्दांकन आणि नोंद मिळून पाऊण तास जातो. ५६ बातम्यांचे ४२ तास. त्यातल्या १४ दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायच्या, त्याचे आणखी साडेदहा. चौघांत वाटले तर माणशी तेरा तास, म्हणजे तीन-तीन तासांचे साडेचार रविवार. सार्वजनिक वाचनालयात बसून नोंदी करता येतील, पण ऐकण्याचे काम घरी, हेडफोन लावून उरका. अभ्यासिकेत मोबाइलचा आवाज झाला की बैठक तिथेच संपते.

आरटी घ्यायची असेल तर एक अडचण आहे. मार्च २०२२ पासून यूट्यूबने ती जगभर बंद केली आहे. यूट्यूबवर दिसतात ते दुसऱ्यांनी चढवलेले तुकडे, आणि चढवणाऱ्याने काय कापले ते कळत नाही. असे तुकडे घेऊ नका, मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.

बातमी निवडली की त्याच दिवशी तिचे शीर्षक, मुखचित्र, वर्णन आणि पत्ता जतन करा, वेब अर्काइव्हवर पान टाका, वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहा. शीर्षके नंतर बदलली जातात, आणि बहुतेक वेळा सौम्य केली जातात. आठवड्याने नोंद करायला बसलात तर तुम्ही दुसरेच शीर्षक तपासत असता.

चार खुणा

एक्सेल शीट उघडा. एका ओळीत एक विधान. विधान म्हणजे एका बोलणाऱ्याने एका मुद्द्यावर सलग म्हटलेले, साधारण एक ते तीन वाक्ये. रकाने असे: बातमी क्रमांक, वाहिनी, तारीख, घरची (पैसा देणाऱ्या देशाबद्दलची) की परदेशी, बोलणारा, विधान जसेच्या तसे, मग चार खुणा, आणि शेवटी शेरा. खुणांत फक्त १ किंवा ०. अर्धा गुण ठेवलात की अवघड जागी सगळे अर्धाच देतात.

पहिली खूण, ज, जनतेची. बोलणारा 'जनता', 'सामान्य माणूस', 'या देशाचे लोक' यांना एक मन असलेला एक गट म्हणून उभे करतो आणि त्यांच्या वतीने बोलतो, तेव्हा १. नुसता 'लोक' शब्द आला म्हणून १ नाही. 'लोक रांगेत उभे होते' याला ०. 'नागरिक' हा शब्द मराठीत बहुधा कायद्याच्या अंगाने येतो, त्याला घाईने १ देऊ नका.

दुसरी, मू, मूठभरांची. सत्ता, पैसा, माध्यमे किंवा तज्ज्ञ यांच्यातला एक गट जनतेशी बेइमान आहे असे म्हटले असेल तर १. 'मंत्र्यांचा निर्णय चुकला' याला ०, ती टीका आहे. 'मंत्री असेच असतात, त्यांना आपले काही पडलेले नाही' याला १. फरक आहे तो एका निर्णयाकडून सगळ्या जातकुळीकडे जाण्यात. नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक याच रकान्यात होते. तो सरकारवरची प्रत्येक टीका लोकवादी मोजतो, आणि मग शोधपत्रकारिता करणारी वाहिनी सगळ्यात लोकवादी निघते.

तिसरी, प, परक्यांची. स्थलांतरित, अल्पसंख्य, शेजारी देश अशा एखाद्या गटाला जनतेबाहेर ढकलून त्याच्यावर दोष टाकला तर १.

चौथी, ह, हक्काची. अंतिम निर्णय जनतेचाच, मधल्या संस्था, न्यायालये, आयोग ही अडगळ, असा सूर असेल तर १.

या खुणांच्या जोड्यांना यागर्स आणि वालग्राव्ह या बेल्जियन अभ्यासकांनी २००७ मध्ये नावे दिली. फक्त ज म्हणजे रिकामा लोकवाद, ज आणि मू म्हणजे मूठभरविरोधी, ज आणि प म्हणजे वगळणारा, तिन्ही असतील तर पूर्ण. ही नावे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळे उभे आहे.

मराठीतून नोंद करताना आपल्या शब्दांची ओझी सांभाळा. 'बहुजन', 'भूमिपुत्र', 'प्रस्थापित', 'शेटजी-भटजी' या प्रत्येकामागे अनेक दशकांचे राजकारण आहे. परदेशी वाहिनीवरच्या साध्या 'एस्टॅब्लिशमेंट'चे भाषांतर 'प्रस्थापित' केलेत तर मूळ वाक्यात नसलेला राग तुम्ही भरता. म्हणून खूण मूळ भाषेतल्या वाक्यावर करा, भाषांतर शेऱ्याच्या रकान्यात ठेवा. यूट्यूबच्या आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांवरही विसंबू नका. ती नकार गिळतात, आणि एक 'नाही' गेला की विधान उलटे होते.

बोलणारा कोण, हा रकाना रिकामा सोडू नका. निवेदक, वार्ताहर, पाहुणा, रस्त्यावरचा माणूस, पडद्यावरची धावती पट्टी, शीर्षक. वाहिनी स्वतः लोकवादी बोलणे आणि वाहिनीने एखाद्या लोकवादी नेत्याचे भाषण दाखवणे या दोन गोष्टी आहेत. पण पाहुण्याच्या आडही लपता येते. चर्चेत चार पाहुणे आणि चौघेही एकाच सुरात, निवेदकाने एकदाही अडवले नाही, तर पाहुण्यांची विधाने पाहुण्यांच्याच नावे लिहा आणि शेऱ्यात 'अडवणूक शून्य' असे नोंदवा.

एक उतारा, जवळून

युक्रेनपासून सुरुवात करू नका, कांद्यापासून करा. लासलगावचा कांदा बांगलादेश, श्रीलंका, आखात इकडे जातो, त्यामुळे दिल्लीने काही केले की परदेशी बातमीत नाशिक जिल्हा येतो. आणि इथे काय गाळले गेले ते तुम्हाला ठाऊक असते, युक्रेनमधले नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, सप्टेंबरात जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून उठली. इतका तपशील डोक्यात ठेवून सरावासाठी रचलेला हा उतारा वाचा:

'कांद्यावर बंदी येऊन आज तीन आठवडे झाले. लासलगावच्या बाजारात शेतकरी हताश उभा आहे. राजधानीतल्या गार खोल्यांत बसलेल्या मूठभरांना त्याच्या घामाची किंमत कधीच कळली नाही. इथला प्रत्येक माणूस एकच सांगतो, आमचं ऐकणारं कुणी नाही. शहरातला ग्राहक मात्र स्वस्त कांद्यावर खूश आहे. ज्याच्या शेतात कांदा पिकतो, निर्णय त्याचाच असायला हवा.'

पहिले वाक्य, सगळी शून्ये. दुसऱ्याला ज देण्याचा मोह होतो, पण 'शेतकरी' हा व्यवसाय आहे, जनता नव्हे, तेव्हा ०. तिसऱ्याला मू १: 'कधीच' या शब्दाने एका आदेशावरची टीका एका जातकुळीवर गेली. चौथ्याला ज १: 'प्रत्येक माणूस एकच सांगतो'. बाजार समितीत उभा राहिलेला कुणीही सांगेल की तिथे प्रत्येक माणूस एकच कधीच सांगत नाही. पाचव्यात ग्राहक आला, पण त्याच्यावर दोष नाही, म्हणून प ०. सहाव्यावर गटात दोन तट पडतील. सगळ्या जनतेचा हक्क नाही, एका वर्गाचा आहे, म्हणून नियमाने ०. पण चौथ्या वाक्याने शेतकऱ्यालाच 'प्रत्येक माणूस' केले आहे, तेव्हा १ देणाऱ्याचेही चूक नाही. काय ठरवाल ते ठरवा, फक्त नियमांच्या वहीत तारखेसह लिहा, आणि आधीच्या नोंदी त्या नियमाने पुन्हा तपासा.

आता उताऱ्यात काय नाही ते पाहा. लिलाव बंद ठेवणारा व्यापारी नाही, नाफेडची खरेदी नाही, किमान निर्यात मूल्य नाही. लोकवादी मांडणी खोटे बोलेलच असे नाही. ती मधली माणसे पुसते, म्हणजे दोनच उरतात. म्हणून शेऱ्यात 'गाळलेले मधले घटक' नेहमी लिहा.

दोघांचे जुळते का

१४ सामाईक बातम्यांतून प्रत्येक खुणेसाठी ६० विधाने वेगळी काढा. समजा मू या खुणेवर दोघांनी १ दिले अशी १८, दोघांनी ० दिले अशी ३०, पहिल्याने १ आणि दुसऱ्याने ० अशी ५, उलट ७. जुळलेली ४८, म्हणजे ०.८०. इथेच बहुतेक जण थांबतात आणि 'ऐंशी टक्के जुळले' लिहून मोकळे होतात. पण दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी काही जुळल्याच असत्या. पहिल्याने एकूण २३ वेळा १ दिला, दुसऱ्याने २५ वेळा, म्हणजे ० अनुक्रमे ३७ आणि ३५ वेळा. योगायोगाने जुळण्याचे प्रमाण: २३ गुणिले २५, अधिक ३७ गुणिले ३५, भागिले ३६००. म्हणजे १८७० भागिले ३६००, ०.५२. योगायोग वगळून खरे किती जुळले हे सांगणारा आकडा, कोहेनचा काप्पा, म्हणजे ०.८० वजा ०.५२, भागिले १ वजा ०.५२. उत्तर ०.५८ येते.

०.५८ वर पुढे जाऊ नका. ०.८० च्या वर गेलात तर निवांत, ०.६७ ते ०.८० मध्ये निष्कर्ष जपून, त्याखाली खुणेची व्याख्याच ढिली आहे. न जुळलेली १२ विधाने समोर ठेवा. बहुतेक वेळा त्यातली सात-आठ एकाच तऱ्हेची निघतात: 'पाश्चात्त्य माध्यमे' हे मूठभर धरायचे का, किंवा उपहासाचे वाक्य सरळ घ्यायचे का. नियम लिहा आणि नव्या ६० विधानांवर पुन्हा मोजा. जुन्याच ६० वर पुन्हा मोजणे म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देणे.

घर आणि दार

सगळ्यात जास्त हाती लागते ते इथे. घरची आणि परदेशी या रकान्यानुसार शीटचे दोन भाग करा आणि दोन्हीकडच्या खुणांच्या जोड्या शेजारी ठेवा.

सरकारी लगाम घट्ट असलेल्या वाहिनीत शोधायचा साचा असा. परदेशी बातमीत ज आणि मू जोडीने येतात: त्या देशाची जनता त्रासलेली, तिचे मूठभर निर्ढावलेले. घरच्या बातमीत ज राहतो आणि मू गायब होतो. तिथे सरकार म्हणजेच जनता. नेता शेतात उतरतो, म्हातारीचा हात हातात घेतो, गरिबी हटते, आणि ती कुणामुळे होती याचा उल्लेख नसतो. म्हणजे दारापुढे मूठभरविरोधी आणि घरात रिकामा. एकाच वाहिनीचे हे दोन लोकवाद वेगवेगळे न मोजता बेरीज केलीत तर सरासरी निघते आणि सगळी मजा जाते.

घटना निवडून हे ताडून पाहायचे असेल तर जोड्या लावा. अमेरिकेतले २०११ चे ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आणि फ्रान्समधले नोव्हेंबर २०१८ पासूनचे पिवळ्या जाकिटांचे आंदोलन आरटीने भरभरून दाखवले. त्याच्या शेजारी रशियातल्या निदर्शनांच्या बातम्या ठेवा. हाँगकाँगच्या २०१९ च्या निदर्शनांवरचे सीजीटीएन आणि त्याच वर्षीचे दुसऱ्या देशांतल्या निदर्शनांवरचे सीजीटीएन. अल जझीराने २०११ च्या अरब उठावांत ट्युनिशिया, इजिप्त उचलून धरले, पण बहरीनबाबत, विशेषतः अरबी वाहिनीवर, हात आखडता घेतला अशी टीका झाली. ती टीका तुमच्या मोजणीने टिकते का पाहा. आपल्याकडची जोडीही हवी: मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेला किसान लाँग मार्च परदेशी वाहिन्यांनी कसा मांडला, आणि त्याच वाहिन्यांनी स्वतःच्या देशातल्या शेतकऱ्यांची आंदोलने कशी मांडली.

लगाम सैल असलेल्या वाहिन्यांत वेगळा सापळा असतो. डीडब्ल्यू किंवा बीबीसीवर लोकवादी मांडणी कमी सापडेल, पण 'पॉप्युलिस्ट' हे लेबल बरेच सापडेल. ते लोकवादाबद्दलचे बोलणे झाले, लोकवाद नव्हे, चारही खुणा ०. मात्र त्या लेबलासाठी वेगळा रकाना ठेवा आणि कुणाला लावले जाते ते लिहा. परदेशी नेत्याला सहज लागणारे लेबल घरच्या नेत्याला लावताना अवतरणचिन्हात जाते का, हे पाहण्यासारखे असते. घर-दाराचा हिशेब यांनाही चुकत नाही.

लिहिताना

सात बातम्यांत पाच आढळल्या तर '७ पैकी ५' असे लिहा. '७१ टक्के' लिहिलेत की वाचणाऱ्याला वाटते शेकडो बातम्या तपासल्या. वाहिनीचे नाव, काळ, चिठ्ठ्यांनी निघालेल्या सात तारखा, काप्पा आणि नियमांची वही सोबत द्या.

'या बातम्यांमुळे लोक भडकले' हे वाक्य तुमच्या शीटमधून निघत नाही. तुम्ही मजकूर मोजला आहे, प्रेक्षक नाही. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया मोजून ही उणीव भरून निघते असे वाटते, पण प्रतिक्रिया लिहिणारे म्हणजे प्रेक्षक नव्हेत, आणि त्यातले खरे किती हेही कळत नाही. वाहिनीवर हेतूचा आरोपही टाळा. 'घरच्या ७ बातम्यांत मू एकदाही नाही' एवढे लिहिले की पुरे, वाचणारा खुळा नसतो.

पहिला मोठा सराव करायचा असेल तर सिंहस्थ समोर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नाने, म्हणजे गोदाकाठावर परदेशी कॅमेरे येणारच. 'श्रद्धाळू जनता' आणि 'बेफिकीर प्रशासन' ही जोडी किती वेळा येते, साधुग्रामच्या जागेवरून वाद असतील तर मधली माणसे दिसतात की पुसली जातात, हे तुम्हाला रामकुंडावर उभे राहून ताडता येईल. त्यासाठी खुणांचे नियम त्याआधी दोन महिने पक्के हवेत, आणि दिवसांच्या चिठ्ठ्या ध्वजारोहणाच्या आदल्या आठवड्यात टाकून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, पाकिटात बंद. स्नानाच्या तारखा त्या चिठ्ठ्यांत घालायच्या नाहीत. त्या वेगळ्या शीटवर.